निबचे भाग: हाऊसिंग, टाईन, फिन म्हणजे नेमकं काय?

सेलूचा_लेथवाला

नमस्कार मंडळी. मी सेलूचा, जिल्हा परभणी. दिवसा पंपाच्या शाफ्ट-बुशची कामं करतो, रात्री त्याच लेथवर शाईचं पेन (फाउंटन पेन) बनवायचा नाद लागलाय. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, रॉडमधून हे तिसरं पेन. बॉडी, टोपण, आटे सगळं मनासारखं जमलं. अडलंय ते निबपाशी.

६ नंबरची निब मागवली. विकणाऱ्यानं विचारलं, हाऊसिंगसकट देऊ का नुसती? मला वाटलं हाऊसिंग म्हणजे बोटात धरायचा भाग, तो तर मी बनवलाच आहे. म्हणून नुसती निब आणि एबोनाइटची जीभ (निबखालचा, शाई पुढं आणणारा भाग) घेतली. जिभेचं माप काढून तेवढंच भोक मारलं, तर निब आत जाईना. पॉलिश पेपरनं मोठं केलं, तर आता निब डावी-उजवी फिरायली. दोन ओळी चालतं आणि कोरडं पडतं. झटकलं की परत दोन ओळी. व्हिडिओत टाईन, शोल्डर, ब्रीदर होल, फिन असं भराभरा बोलतात, माझ्या ध्यानात काही राहत नाही. कुणी एकेका भागावर बोट ठेवून सांगेल का? मुलगी यंदा अकरावीला चालली, तिला द्यायचंय हे पेन.

वाळूज_टर्नर

भाऊ, बोटात धरतो तो भाग म्हणजे सेक्शन. हाऊसिंग ही त्याच्या आत आट्यांनी बसणारी छोटी नळी. निब आणि जीभ तिच्यात आधीच बसवलेली असते. ती घ्यायची तर सेक्शनला आतून बारीक पिचचे आटे पाडावे लागतात. एका कंपनीची नळी दुसरीच्या आट्यात बसेलच असं नाही, म्हणून टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) घ्यायच्या आधी नळी हातात घेऊन मापा.

तुमची पद्धत जुन्या ड्रॉपरवाल्या पेनांची, निब-जीभ दाबून बसवायची. निब जिभेवर ठेवा, दोन्ही मिळून वर्नियरमध्ये धरा. त्या मापाहून किंचित कमी भोक मारा आणि अंगठ्याच्या जोरानं आत जाईल इतकंच रीमरनं (भोक मोठं करायच्या हत्यारानं) वाढवा. हा सेक्शन मात्र सोडून द्या, दुसरा बनवा. ढिलं भोक परत आवळत नाही.

आता निब टोक वर करून धरा. टोकाचा बारीक मणी म्हणजे टिप. निब स्टीलची असो की १४ कॅरटची, मणी वेगळ्या, फार कठीण मिश्रधातूचा असतो, वेल्डिंगनं जोडलेला. मण्यातून खाली येते ती चीर, आणि चिरेच्या दोन बाजूंचे पाय म्हणजे टाईन. चीर जिथं संपते ते भोक ब्रीदर होल. नाव श्वासाचं आहे, पण चीर पुढं तडकू नये हे त्याचं मोठं काम. भोक नसलेली निबही झकास लिहिते, कारण शाईच्या जागी हवा जाते ती जिभेतून. सगळ्यात रुंद जागा म्हणजे खांदे, तेच शोल्डर. सेक्शनमध्ये दडतं ते शेपूट.

जिभेच्या वरच्या अंगाला, निब टेकते तिथं, लांब खाच दिसेल. ती शाईची वाट. तिच्या तळाशी केसासारख्या चिरा असतात, त्या शाई ओढून पुढं नेतात. अमेरिकेतल्या पेनवाल्या वॉटरमननं १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते अशाच चिरांच्या जिभेचं. कंगव्यासारखे दाते म्हणजे फिन. हाताच्या उबेनं आतली हवा फुगली की जास्तीची शाई दात्यांत थांबते, थेंब पडत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात हे दाते किती कामाचे, ते खिशावर डाग पडलेल्यालाच विचारा.

तुमची निब फिरते, म्हणजे चीर आणि शाईची वाट एका रेषेत नाही. शिवाय जीभ निबला चिकटून बसलेली नसणार. एबोनाइट गरम पाण्यात नरम होतं. निब-जीभ अर्धा मिनिट कडक पाण्यात धरा, फडक्यानं पकडून जीभ निबवर दाबा, लगेच गार पाण्यात सोडा. सेक्शन पाण्यात बुडवू नका, काळं एबोनाइट भुरकट पडतं आणि सगळं पॉलिश वाया जातं.

नंतर निब उजेडाला धरा. चिरेतला उजेड मण्याकडं निमुळता होत जायला हवा. पाय घट्ट चिकटलेले असतील तर फिलर गेजची (फट मापायच्या पातळ पात्यांच्या जुडीतली) ०.०५ मिमीची पाती चिरेत हलकेच फिरवा. जोर नको.

अंबाजोगाईची_दौत

वाळूजच्या दादांनी चीर म्हटलं ते वाचून बरं वाटलं. बोरूलाही चीरच देतात. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. चीर दिल्यावर बोरूचं टोक कठीण पट्टीवर ठेवून तिरकं छाटायचे, त्या कापाला ते कत म्हणायचे. सेलूकर दादा, मुलीचं अक्षर मोठं, टपोरं असेल तर पुढच्या वेळी स्टब निब बघा. तिचंही टोक छाटल्यासारखं सपाट असतं, उभी रेघ जाड येते आणि आडवी बारीक.

सेलूचा_लेथवाला

रविवारी नवा सेक्शन केला. भोक दोन्ही मिळून मापलं, निब हलत नाही. जीभ पाण्यात दोनदा धरावी लागली, पहिल्यांदा तिरकी बसली होती. फिलर गेजची गरजच पडली नाही, उजेड बरोबर निमुळता दिसला. पोरीनं काल फुलस्केपची दोन पानं सलग लिहिली, एकदाही झटकलं नाही. दुकानातल्या पत्र्यावर खडूनं मोठी निब काढून नावं टाकलीत: मणी, चीर, पाय, खांदे, शेपूट. ताई, स्टब निब मागवायलो. त्या चित्रात कत लिहायला टोकापाशी जागा सोडलीय.