'अंकित' म्हणजे ताब्यातला ना? मग गाण्यात अंकित कसलं?

आमच्या घरात अंकित हा शब्द फक्त टोमण्यातच येतो, कोण बायकोच्या अंकित झाला, कोण साहेबाच्या. परवा शहापुरात शेजारच्या कानडी काकूंकडे श्रावणातल्या शुक्रवारचं हळदीकुंकू होतं, गाणं छान झालं म्हणून विचारलं कुणाचं हो, तर म्हणाल्या हरपनहळ्ळी भीमव्वाचं, 'भीमेशकृष्ण' अंकित अद नोड्री (अंकित आहे बघा). मला काहीच टोटल लागेना. कोण कुणाच्या ताब्यात?

— अहो ताब्यात कुणी नाही, ती सही आहे. आपण नाममुद्रा म्हणतो ते. फरक एवढाच की तुकोबा 'तुका म्हणे' असं आपलं नाव घालतात आणि हे हरिदास लोक, म्हणजे कानडीत भक्तीची पदं रचणारे संतकवी, देवाचं घालतात, पुरंदरदासांचं पुरंदरविठ्ठल, कनकदासांचं कागिनेलेचा आदिकेशव. हे अंकित गुरू देतो, आपल्या मनानं घ्यायचं नसतं. भीमव्वाला ते नारदानं स्वप्नात दिलं असं सांगतात. बाई १८२३ ते १९०३ मधली, हरपनहळ्ळी आता विजयनगर जिल्ह्यात येतं. नळचरित्र, सुभद्राकल्याण अशी लांबलचक आख्यानं आहेत तिची, शिवाय सणावाराची गाणी, आणि इतक्या जवळ असून आपल्या मराठी लोकांना नावसुद्धा माहीत नाही, कमाल आहे.

आता शब्दाचं. अंक म्हणजे खूण. ज्याची खूण अंगावर, त्याचा तो माणूस, म्हणून मराठीत ताब्यातला झाला. माध्व लोक, म्हणजे मध्वाचार्यांच्या पंथातले (हे हरिदासही त्यातलेच), आषाढी एकादशीला तापलेल्या शंखचक्राची मुद्रा अंगावर घेतात ते बघितलंय का? तिथं दोन्ही अर्थ एकाच जागी आहेत बघा, देवाची सही आणि देवाचा ताबा. कानडी पेपरात मात्र विधेयकाला राज्यपालांचं अंकित पडलं असं येतं, ती निव्वळ सही.

— मला आवडलं ते वेगळंच. भीमेशमध्ये भीमव्वाचं नाव दडलंय. आपल्या सोयराबाई 'म्हणे चोखियाची महारी' अशी सही करतात, तिथं त्यांचं स्वतःचं नाव कुठाय? नवऱ्याचंच.

— ताई, एवढं ताणू नका. माध्वांकडे हनुमंत, भीम आणि मध्व हे वायूचे तीन अवतार, तेव्हा भीमेश म्हणजे भीमाचा ईश. साधं सांप्रदायिक नाव आहे.

— असेल की. पण नारदाला दुसरी नावं काय कमी होती?

— बरं, ते भांडण तुम्ही मिटवा. मला सांगा मराठीत लिहायचं कसं, भीमव्वांची नाममुद्रा की अंकित?

— अंकितच लिहा, नपुंसकलिंगी. 'भीमव्वांचं अंकित भीमेशकृष्ण'. नुसतं 'भीमेशकृष्ण भीमव्वांच्या अंकित' लिहिलंत तर तुमच्या घरातले परत टोमणाच समजतील.