परतीचा वारा विसरू नका

सोलापूरच्या मंडळींचा मुंबई-गोवा शिडाच्या बोटीने जायचा बेत आहे आणि तीच बोट घेऊन परत यायचं म्हणताय, म्हणून सांगतो. परतीचं सोडून द्या. हिवाळ्यात नि उन्हाळ्यात दुपारनंतर या किनाऱ्यावर खारा वारा वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, उत्तरेला मात्र तोंडावर. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, त्यावर नांगर उचलायचा. रात्री चालवू नका. मच्छीमारांची जाळी अंधारात दिसत नाहीत.

मुक्कामाला जयगड चांगलं, शास्त्री नदीच्या मुखाशी आडोसा मिळतो. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहाच. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, १९१० मध्ये तो या वाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. विजयदुर्गला तर दोन रात्री द्या. वाघोटन खाडीच्या तोंडाशी किल्ला, आत शांत पाणी. आरमाराने ही जागा का निवडली ते नांगर टाकल्यावरच कळतं. मालवणात खडक फार, स्थानिक माणूस सोबत घेतल्याशिवाय शिरू नका. सिंधुदुर्ग तिथल्या होडीनेच बघा.

भरती-ओहोटीचा तक्ता जवळ हवाच. उजनीवर बोट चालवली असली तरी तिथे पाणी दिवसातून दोनदा उतरत नाही!

शिधा मात्र आपलाच न्या, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. न शिजवता पोट भरतं, आणि हलत्या बोटीत स्टो पेटवायची कुणाला हौस आहे?