बोहारीण जे कपडे घेत नाही, ते जातात कुठे?

चाळीतली_लेक
रविवारी आमच्या लालबागच्या चाळीत बोहारीण आली. आईने गाठोडं सोडलं. बहुतेक कपडे माझ्या मुलीचे, काही तर दोनदाच घातलेले. तिने एकेक कपडा चिमटीत धरून पाहिला, जीन्स आणि आईच्या दोन सुती साड्या बाजूला काढल्या, बाकीचे परत केले. म्हणाली, "मावशी, ह्याला बाजारात कुणी विचारत नाही. दोन धुण्यांत गोळे येतात." पातेल्याची आशा होती, वाटीवर भागलं.

जुना कपडा बोहारणीकडे, तिथून दुरुस्त होऊन बाजारात, अगदीच विरला तर गोधडीला नाहीतर पुसायला, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. दोनशेचा टॉप यात बसतच नाही, तो कचऱ्याच्या डब्यात जातो. पॉलिस्टर म्हणजे खनिज तेलापासून केलेलं प्लास्टिकच. डम्पिंगवर ते वर्षानुवर्षं पडून राहणार. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटतात ते वेगळेच, आणि मुंबईचं सांडपाणी शेवटी समुद्रात जातं. सेल लागला म्हणून कपडे घेणं आपण थांबवायला हवं.

विरार_लोकल
पटलं नाही, आणि वाईटही वाटलं. मी काउंटरवर उभी असते, रोज नीटनेटकं दिसावं लागतं. जुलैमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत सुती कुर्ता तीन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. पॉलिस्टरचा रात्री धुतला की सकाळी अंगात. माझ्या आईने वर्षाला दोन साड्यांवर दिवस काढले ते पर्यावरणासाठी नाही, पैसे नव्हते म्हणून. आणि सुती तरी कुठे निर्दोष आहे? एका टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं म्हणतात.

वऱ्हाडी_मुंबईत
तो आकडा सरासरीचा आहे. आमच्याकडे विदर्भात बहुतेक कापूस पावसाच्याच पाण्यावर होतो. कीटकनाशकांच्या फवारणीचं म्हणाल तर ते दुखणं खरं आहे.

गिरणगावातला
विरारताई, स्वस्त पडतं ते आपल्याला. दोनशे रुपयांत कापड, शिलाई, दुकानाचं भाडं आणि वर नफा बसवायचा तर कुणाच्या तरी मजुरीला कात्री लागतेच. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत कोसळली. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, तरी कामगारांना आत पाठवलं. १,१०० हून जास्त माणसं गेली. परदेशी ब्रँडांचे कपडे शिवत होती ती. माझे वडील १९८२ च्या संपातले, अडीच लाख गिरणी कामगारांपैकी एक. कापड विणणाऱ्याचं घर कसं बसतं ते मी पाहिलंय.

विरार_लोकल
मग हे कंपन्यांना विचारा ना. माझी नणंद धारावीत पीसवर शिवते. उद्या सगळ्यांनी खरेदी थांबवली तर आधी तिचं मशीन बंद पडेल, मालकाचं नाही.

दादरचा_शिंपी
तीस वर्षं मशीनवर बसलोय. तुम्ही सुती की पॉलिस्टर यावर भांडताय, मी कपडा उलटा करून शिवण बघतो. शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, आहे का? पूर्वी पोरांच्या पँटीला खाली दोन इंच माया दुमडून ठेवायचो, दरवर्षी उसवून खाली सोडायची. ब्लाउजला कडेने माया असायची, बाळंतपणानंतरही तोच ब्लाउज चालायचा. आताचा स्वस्त रेडीमेड माल शिवणीला लागून कापतात आणि कडेवर ओव्हरलॉकची मशीन-शिलाई मारतात. शिवण सुटली की धरायला कापडच उरत नाही, मी तरी काय दुरुस्त करू? नीट शिवलेलं टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापड, मात्र दहा-दहा वर्षं टिकलेलं पाहिलंय.

चाळीतली_लेक
विरारताई, पावसाळ्याचं मान्य. दोन कुर्ते आलटून पालटून घालणाऱ्या बाईला मी ऐकवायला नको होतं. माझं भांडण दोनदा घालून टाकलेल्या टॉपशी आहे, आणि तो माझ्याच घरातला आहे. पण सगळं कंपन्यांवर सोडून मोकळं व्हायला मी तयार नाही. सेलच्या रांगेत मीच उभी होते.

विरार_लोकल
नणंदेच्या मजुरीचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. असो. दादा, माया बघूनच घेईन, पण दोनशेत तसा कुर्ता मिळतो कुठे?

दादरचा_शिंपी
दोनशेत नाही मिळणार, ताई. मंगलदास मार्केटातून अडीच मीटर कापड आणा, शिलाई धरून सहाशेच्या आसपास जाईल. दोन्ही कडांना इंचभर माया सोडतो. सुती घेतलंत तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून आणा. कोरं कापड आटतं.