मदत हवी आहे : तरंगंबाडीच्या किनाऱ्यावरील जुन्या बंगल्यात वृद्ध आईवडिलांना घेऊन राहावे का?

नमस्कार,

येत्या माघात माझ्या वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. कार्यालय घेऊन पंगती उठवण्यापेक्षा हा विधी तमिळनाडूतील तिरुक्कडैयूर येथील अमृतघटेश्वराच्या मंदिरात करावा, अशी इच्छा त्यांनी स्वतःच बोलून दाखवली आणि घरात कोणीही तिला मोडता घातला नाही. मार्कंडेयाला यमाच्या पाशातून शंकराने सोडवले ते याच ठिकाणी, अशी श्रद्धा असल्यामुळे साठी आणि ऐंशी पूर्ण केलेली दांपत्ये येथे वर्षभर येत असतात, होम-अभिषेक होतात आणि नवरा बायकोच्या गळ्यात पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधतो. वडिलांना या स्थानाची ओढ आणखी एका कारणाने आहे. तंजावरच्या भोसल्यांपैकी पहिले सरफोजी राजे अमावास्येच्या दिवशी या मंदिरात आले असता, देवीच्या ध्यानात बुडालेल्या अभिरामी भट्टर या भक्ताने तिथी विचारल्यावर ‘पौर्णिमा’ असे सांगितले आणि भक्ताची लाज राखण्यासाठी अभिरामी देवीने आपले कर्णभूषण आकाशात भिरकावून चंद्र दाखवला, अशी आख्यायिका आहे. हजार चंद्र पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट आवडावी, यात नवल नाही.

विधी ठरला आहे. अडचण मुक्कामाची आहे. मंदिराच्या आसपासची निवासस्थाने मुहूर्ताच्या दिवसांत वऱ्हाडांनी भरलेली असतात, असे ऐकले. कुंभकोणमला चांगली हॉटेले आहेत, पण तेथून तिरुक्कडैयूर पन्नास किलोमीटरपेक्षा जास्त असून विधी पहाटे सुरू होत असल्याने दोघांनाही अपरात्री उठवून गाडीत बसवावे लागेल. याउलट तरंगंबाडी मंदिरापासून अवघ्या सात-आठ किलोमीटरवर आहे आणि तेथे अगदी समुद्रालगत, डेन्मार्कच्या लोकांनी बांधलेल्या किल्ल्याशेजारी, ब्रिटिश काळात कलेक्टरचे निवासस्थान असलेला एक दुमजली बंगला आहे. नीमराणा समूहाने तो दुरुस्त करून ‘बंगलो ऑन द बीच’ या नावाने अतिथिगृह म्हणून चालवला आहे आणि त्यातील खोल्यांना त्या बंदरात येणाऱ्या डॅनिश जहाजांची नावे दिली आहेत. छायाचित्रांतील रुंद व्हरांडे, उंच छत आणि समोरचा मोकळा समुद्र पाहिल्यापासून वडिलांनी तेथेच राहण्याचा हट्ट धरला आहे.

हट्टामागे इतिहासही आहे, हे मला मान्य करावे लागेल. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून ओव्हे येडे या डॅनिश दर्यासारंगाने तरंगंबाडीची जागा मिळवली आणि डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. पुढे तंजावरात भोसल्यांची सत्ता आल्यावर डॅनिश मंडळी त्यांना वार्षिक खंडणी देत होती. १६९९ मध्ये तंजावरच्या शहाजी राजांच्या फौजेने या गावाला वेढाही घातला होता आणि मद्रासच्या इंग्रजांची कुमक आल्यामुळेच तो उठला. शेवटी १८४५ मध्ये डेन्मार्कने हे गाव बंगालमधील श्रीरामपूरसह साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकून टाकले. दुसऱ्या सरफोजी राजांना घडवणारे श्वार्ट्झ हे मिशनरीदेखील १७५० मध्ये भारतात आल्यावर प्रथम याच गावात राहिले होते. वडिलांना तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी शिलालेख पाहायचा आहे आणि त्यानंतर ‘ज्या बंदराकडून आपल्या राजांना विद्या मिळाली’ तेथे बसून समुद्र पाहायचा आहे. हे त्यांचेच शब्द आहेत.

मात्र मला धास्ती वाटते ती त्या जागेच्या एकाकीपणाची. वडिलांना पेसमेकर बसवलेला आहे आणि ते काठी घेऊन चालतात. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिना चढणे तिला जमत नाही आणि तिची झोपही सावध आहे. तेथे पूर्वी राहिलेल्या, किंवा त्या भागाची माहिती असलेल्या मंडळींकडून पुढील बाबी समजून घ्यायच्या आहेत. वयस्कर माणसांना तळमजल्यावरची खोली आग्रहाने मागून घ्यावी का, आणि अशा जुन्या वास्तूंत उंबरे, न्हाणीघरातील पायऱ्या, ओल्या फरश्या यांचा त्रास कितपत होतो? रात्री काही झाले तर जवळचे भरवशाचे रुग्णालय कोणते? माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, त्या किनाऱ्यावर पाऊस-वादळाचा धोका राहतो का? शिवाय २००४ च्या त्सुनामीत या गावाची फार मोठी प्राणहानी झाली होती, हे आईच्या लक्षात आहे आणि ती ‘समुद्राच्या इतक्या उशाशी नको’ असे म्हणते. तिचे समाधान कसे करावे, हेही कळत नाही.

आणखी एक शंका आहे, पण ती लहान आहे. विधीच्या आदल्या दिवशी आई कांदा-लसूण खात नाही. गावात सायंकाळी बाहेर जेवणाची फारशी सोय नसेल तर अतिथिगृहातच तसा स्वयंपाक करून मिळू शकतो का?

कुंभकोणमच सोयीचे ठरेल, असे कोणाचे अनुभवान्ती मत असेल तर तेही स्पष्टपणे सांगावे. वडिलांना समजावण्यासाठी मला पक्की कारणे हवी आहेत.

प्रतिसाद १

आम्ही सासऱ्यांना घेऊन तेथे राहिलो आहोत, म्हणून लिहितो. ती जागा शांत आहे, पण निर्जन नाही. किल्ला, चर्च, शाळा आणि मच्छीमारांची वस्ती पायी चालण्याच्या अंतरावर आहे. किंग्ज स्ट्रीटवरून येताना लागणारी १७९२ ची जुनी वेस ओलांडली की रहदारीचा आवाज मागे पडतो, इतकेच. मात्र अंधार पडल्यावर गाव लवकर मिटते आणि वाटेल तेव्हा रिक्षा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यामुळे गाडी आणि चालक पूर्ण मुक्कामासाठी आपल्याजवळ ठेवावा, चालकाच्या झोपण्याची सोय आधी विचारून घ्यावी, आणि रात्री बोलावले तर तो किती वेळात येईल हेही ठरवून टाकावे. आपल्या धास्तीवर याहून चांगला उपाय मला तरी सुचत नाही.

तळमजल्याची खोली आग्रहाने नव्हे, लेखी मागा. आरक्षणाच्या निरोपात ‘काठी घेऊन चालणारे ज्येष्ठ नागरिक’ असा स्पष्ट उल्लेख करा आणि न्हाणीघराचे छायाचित्र मागवून घ्या. जुन्या बंगल्यांत खोली प्रशस्त असते, पण न्हाणीघर नंतर कोठेतरी बसवलेले असते आणि तेथेच एखादी अनपेक्षित पायरी पायाला अडते. खाऱ्या हवेमुळे कठडे, खुर्चीचे हात, अगदी चष्म्याच्या काचासुद्धा सकाळी चिकट लागतात. पहाटे व्हरांड्यात बसण्याआधी खुर्ची आणि फरशी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे काठीचे टोक घसरणार नाही. आपल्या आईंना पहिल्या रात्री लाटांच्या आवाजाने झोप लागणार नाही, हे गृहीत धरा. आमच्या सासूबाईंचे तसेच झाले होते. म्हणून विधीच्या आदल्या रात्रीच तेथे पोहोचू नका, एक रात्र आधी पोहोचा.

समुद्रात मात्र कोणीही उतरू नये. आपल्या कोकणातील उथळ, वाळूच्या किनाऱ्याची सवय असलेल्या माणसाला येथे चकवा बसतो. लाट जोरात फुटते आणि धूप थांबवण्यासाठी किनाऱ्यावर मोठे दगड टाकलेले आहेत. चौदाव्या शतकाच्या आरंभीचे मासिलामणिनाथाचे मंदिर समुद्राने कसे खाल्ले आहे, हे पाहिले की त्या दगडांचे कारण समजते. पूर्व किनारा असल्याने सूर्यास्त समुद्रात दिसणार नाही, पण सूर्योदय व्हरांड्यातूनच दिसतो आणि दुपारनंतर समुद्राकडील बाजूला सावली येते. वयस्कर माणसांना ती वेळ बसण्यासाठी उत्तम.

प्रतिसाद २

मी चेन्नईत नोकरी करतो आणि त्या पट्ट्यात कामानिमित्त जाणे होते. हवामानाविषयी आपण निर्धास्त असावे. तेथील मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला, आणि चक्रीवादळेही बहुधा त्याच सुमारास येतात. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ वादळ नागपट्टणमच्या दक्षिणेला धडकले होते. जानेवारीच्या मध्यानंतर हवा कोरडी होत जाते आणि थंडी म्हणावी अशी नसते. फक्त पोंगलचा आठवडा टाळावा, कारण गाड्या आणि खोल्या दोन्ही मिळत नाहीत.

रुग्णालयासाठी दक्षिणेला सुमारे पंधरा किलोमीटरवरील काराईकल लक्षात ठेवा; तेथे शासकीय सामान्य रुग्णालय आहे. पेसमेकरचे ओळखपत्र, औषधांच्या चिठ्ठ्या आणि डॉक्टरांचा फोन वडिलांच्या खिशात असू द्यावा, आपल्या बॅगेत नव्हे. काराईकल पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशात येत असल्याने तमिळनाडूची टॅक्सी घेतल्यास हद्द ओलांडण्याच्या परवान्याविषयी चालकाला आधीच विचारून ठेवावे. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस ते काराईकल अशी साप्ताहिक गाडीही आहे, पण ऐंशीच्या माणसाला इतका लांबचा रेल्वे प्रवास करायला लावू नये असे मला वाटते. विमानाने तिरुचिरापल्लीला उतरून तंजावरला मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी शिलालेख पाहावा आणि कुंभकोणम, मयिलादुतुरै या मार्गाने दुपारपर्यंत किनाऱ्यावर पोहोचावे. तंजावर ते तरंगंबाडी हे अंतर साधारण शंभर किलोमीटर आहे. शनिवारी मात्र या बाजूला दूरचा बेत आखू नका, कारण काराईकलजवळच्या तिरुनळ्ळारला शनीच्या दर्शनाची गर्दी असते. किल्ल्यातील संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेही ध्यानात ठेवावे.

वडिलांना भोसल्यांच्या खुणांची आवड आहे, म्हणून एक सुचवतो. काराईकलहून पुढे नागूरला हजरत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे आणि त्याचा सर्वांत उंच मनोरा तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधून दिलेला आहे. गाडीतून उतरल्यावर फार चालावे लागत नाही.

जेवणाचे म्हणाल तर तमिळ स्वयंपाक्याला कांदा-लसूण नको हे सांगणे अवघड नाही, कारण त्यांच्याकडेही व्रताचा स्वयंपाक तसाच असतो. पण आदल्या दिवशी सकाळीच सांगावे लागते.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. गाडी मुक्कामभर जवळ ठेवण्याचा आणि एक रात्र आधी पोहोचण्याचा सल्ला पटला, त्यामुळे बेत आता असा ठरतो आहे : तंजावर, मग तळमजल्याची खोली लेखी कबूल झाली तर तरंगंबाडी, नाही तर मुकाट्याने कुंभकोणम. वडिलांनीही ही अट मान्य केली आहे. आईला त्सुनामीविषयी मी इतकेच सांगितले की रात्री गाडी आणि चालक अंगणातच असतील आणि गावाबाहेर जाणारा रस्ता पहिल्याच दिवशी तिला दाखवीन. तिचे निम्मे समाधान झाले आहे आणि उरलेले तेथे गेल्यावर होईल, असे ती म्हणते.

आता एकच प्रश्न उरला आहे. तिरुक्कडैयूरचे गुरुजी संकल्प संस्कृतातच सांगतात, हे माहीत आहे, परंतु विधी करणारी दोघेही तमिळ जाणत नसतील तर मधल्या सूचना समजावून सांगणारे हिंदी किंवा इंग्रजी जाणणारे गुरुजी मिळतात का? आणि आम्ही घरून आणलेल्या मंगळसूत्राच्या वाट्या तेथील पिवळ्या दोऱ्यात ओवून दिल्या तर चालते का? आईला तिच्याच वाट्या हव्या आहेत.