मदत हवी आहे: विकिपीडियावर हितसंबंधांची तक्रार कशी मांडायची?

मंडळी, मराठी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या लेखातला 'वाद' हा अख्खा विभाग विकिपीडियावरचा एक सदस्य पुन्हापुन्हा उडवतो, वर्तमानपत्रांचे संदर्भ असूनही. त्या जागी 'शिक्षणमहर्षींच्या कुशल नेतृत्वाखाली संस्थेने गरुडझेप घेतली' असली माहितीपत्रकातली वाक्यं येतात. उलटवलं की थोड्याच वेळात परत तेच. त्याची सगळी संपादनं ही संस्था आणि तिचे अध्यक्ष एवढ्यापुरतीच आहेत. चर्चा पानावर सरळ विचारलं, 'आपला संस्थेशी संबंध आहे का?' उत्तर आलं, 'तुमचंच काही वैर दिसतंय.' फार लागलं ते.

२०१४ पासून विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) वापरअटींनुसार मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपला मालक किंवा ग्राहक कोण हे जाहीर करावंच लागतं. सदस्य पानावर, चर्चा पानावर किंवा संपादनाच्या सारांशात, कुठेही चालतं. इंग्रजी विकिपीडियावर अशा तक्रारींसाठी वेगळा सूचनाफलक आहे. २०१५ मध्ये तिथे छुप्या जाहिरातबाजीसाठी ३८१ खाती एकदम बंद केली होती.

माझी खरी अडचण पुराव्याची आहे. हा सदस्य त्या शिक्षणसंस्थेतच जनसंपर्काचं काम करतो असं समाजमाध्यमांवरून जवळपास कळतंय. पण कुणाची खरी ओळख विकीवर उघड करायला सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

मग फक्त संपादनांचा इतिहास दाखवून चावडीवर (विकीच्या खुल्या चर्चेच्या पानावर) विषय काढू, की प्रचालकांना (जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) खासगीत कळवू? आणि तोवर तो विभाग परत घालत राहू का?