जुनी शिडाची नौका विकायची आहे: आधी दुरुस्ती करावी, की आहे तशीच द्यावी?

धरमपेठकर (नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे फायबरग्लासची, दोन कीलची (कील म्हणजे तळाखाली उतरणारे जड पाते), 29 फुटी शिडाची नौका आहे. ती 1984 साली इंग्लंडमध्ये बांधलेली असून मुंबईत नोकरीला असताना 2006 साली मी ती आधीच्या मालकाकडून घेतली. निवृत्तीनंतर आम्ही उभयता नागपूरला परतलो. नौका मात्र रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत आहे आणि गावातले एक तांडेल, म्हणजे अनुभवी नावाडी, तिच्याकडे पाहतात. गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून हलत्या डेकवर उभे राहून शीड उतरवणे मला जमत नाही. मुलीला बोट लागते, त्यामुळे घरात पुढे ती कोणी चालवील अशी आशा नाही.

नौका भरपूर वापरलेली आहे. मुंबई ते गोवा हे सुमारे 225 सागरी मैलांचे अंतर आम्ही दोनदा कापले, मालवणला तर कितीदा गेलो याची गणती नाही. शिडे बारा वर्षांची आहेत, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन मूळचेच आहे व अलीकडे धूर जास्त सोडते, आणि तळाला पाण्याच्या रेषेखाली रुपयाच्या नाण्याएवढे काही फोड आले आहेत. गेल्या हिवाळ्यात दोघे जण पाहून गेले, वीस मिनिटे आत बसले आणि नंतर त्यांनी फोनही उचलला नाही. मी 18 लाख सांगितले होते. एक स्नेही म्हणतात की नवी शिडे घालून आणि इंजिन उघडून घेऊन, म्हणजे साधारण सहा लाख खर्चून, 24 लाख मागावेत. पत्नी म्हणते, आहे तशी द्या आणि मोकळे व्हा. नागपुरात बसून हा व्यवहार कसा करावा, याचेही मार्गदर्शन हवे आहे.

मतलई (अलिबाग)

वहिनींचे म्हणणे बरोबर आहे, फक्त "आहे तशी" याचा अर्थ "पडली आहे तशी" असा घेऊ नये.

चाळीस वर्षांच्या नौकेत घातलेले सहा लाख परत येत नाहीत. अशी नौका घेणारा माणूस तिचा सांगाडा पाहतो आणि शिडे पुढे आपल्या पसंतीची शिवून घेतो. शिवाय शिडाच्या कापडाआधी उन्हाने शिवण कुजते. शिवणीवरून नख ओढून पाहा. धागा भुकटीसारखा सुटत असेल आणि कापड धड असेल, तर नुसते पुन्हा शिवून घ्या, तेवढा खर्च योग्य आहे. इंजिनाच्या धुराचा रंग आपण लिहिलेला नाही आणि सगळे त्यावरच ठरते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा असेल तर इंजिन उघडण्याआधी नौकेला ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यावर चढलेले शिंपले खरवडून काढा, कारण बरेचदा बिचाऱ्या इंजिनावर नुसता बोजा आलेला असतो. तेल, फिल्टर आणि समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचे चाक) बदला आणि तिथेच थांबा. गिऱ्हाईक येण्यापूर्वी तांडेलांना इंजिन तापवून ठेवू देऊ नका. जाणकार माणूस आधी इंजिनावर हात ठेवून पाहतो आणि ते गरम लागले की त्याचा विश्वास तिथेच उडतो.

आता फोडांविषयी, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. वर्षानुवर्षे पाणी जेलकोट म्हणतात त्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून आत झिरपते, आतल्या राळेशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्या आंबट द्रवाने फोड येतात. याने नौका सहसा बुडत नाही, हा सावकाश चालणारा दोष आहे. माझी पहिली नौका विकताना मी असे फोड घासून, लांबी (पुट्टी) भरून वर रंग दिला. खरेदीदाराने सर्वेक्षक आणला. त्याने ओल मोजण्याचे यंत्र तळावरून फिरवले, एका जागी टोच्याने टोचले आणि व्हिनेगरसारखा वास असलेले पाणी त्याच्या मनगटावर ओघळले. खरेदीदार एक शब्दही न बोलता निघून गेला. त्यानंतर ती नौका तीन पावसाळे पडून राहिली आणि शेवटी निम्म्या किमतीत गेली. तळ उघडा ठेवा, प्रत्येक फोडाभोवती खडूने वर्तुळ काढा आणि छायाचित्र काढून जाहिरातीतच द्या.

यात आपल्या नौकेच्या दोन कीलचा मोठा फायदा आहे. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. भरतीला तिला कठीण वाळूवर आणा, ओहोटीला ती आपल्या पायांवर उभी राहील आणि क्रेनच्या भाड्याशिवाय खरेदीदाराला पूर्ण तळाभोवती फिरता येईल. जागा निवडताना चिखल टाळा, त्यात कील रुततात.

खाडीकाठ (ठाणे)

एकच विचारतो: नौका परदेशी बांधणीची आहे, तर ती भारतात आणताना सीमाशुल्क भरल्याचा कागद आपल्याकडे आहे का? तो नसेल तर शिडे, इंजिन या गोष्टींवर बोलण्यात अर्थ नाही, कारण वकिलाला विचारणारा कोणताही खरेदीदार तिथेच थांबेल.

संत्राबाग (काटोल)

मी कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत अंबाझरी तलावावर वल्ही मारायला शिकलो आणि चार वर्षांपूर्वी गोव्यात एक जुनी 26 फुटी नौका विकत घेतली, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आपल्याकडे बागवान झाडावरचा माल सौद्याने देतो तेव्हा व्यापारी रस्त्याकडेच्या ओळी पाहत नाही, तो थेट मधल्या झाडांत शिरतो. मीही तसाच केबिनच्या फळ्या उचलून तळाशी वाकलो होतो. मी सात नौका पाहिल्या आणि त्यांपैकी पाच मी दार उघडताक्षणी आलेल्या वासावरून सोडल्या: कुबट गाद्या, डिझेल आणि साचलेले पाणी. आपल्या दोघा पाहुण्यांचेही असेच झाले असावे, असे मला वाटते. पावसाळाभर बंद राहिलेली केबिन उघडून गाद्या आठ दिवस उन्हात टाका, फळ्यांखालचे पाणी पूर्ण उपसून तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या आणि जुने दोर, गंजलेले डबे, तुटक्या वस्तू बाहेर काढा.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा किती वर्षांच्या आहेत? दहा ते पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असे मानतात, कारण तार जिथे टोपणात शिरते तिथे एकेक पदर आतून तुटतो. तारेवरून कापूस फिरवा. धागे अडकले तर ते खरेदीदाराला दाखवा आणि किमतीतून वजा करा. मला विक्रेत्याने अगदी हेच केले आणि मी त्याच्याशी घासाघीस केली नाही.

धरमपेठकर (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. सीमाशुल्काचा कागद आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंद दोन्ही आज कपाटातून काढून पाहिले, मूळ प्रती आहेत. धूर काळा आहे, तांडेलांना फोन करून विचारले. तारा 2011 सालच्या आहेत, म्हणजे त्या बदलण्याच्या धरूनच किंमत सांगावी लागेल. सतरा हिवाळ्यांच्या नोंदवह्या माझ्याकडे आहेत, त्यांत इंजिनाचे तास, तेल कधी बदलले, वादळात कुठे आसरा घेतला हे सगळे माझ्या हस्ताक्षरात आहे. त्या नौकेबरोबर द्याव्यात का? पाने खाऱ्या पाण्याने फुगलेली आहेत आणि काही ठिकाणी घरगुती मजकूरही आहे.

मतलई (अलिबाग)

द्याव्यात, पण छायाप्रती द्याव्यात. मूळ वह्या आपल्याजवळच ठेवा. खरेदीदाराच्या दृष्टीने त्या नव्या शिडांपेक्षा मोलाच्या आहेत.

किमतीचे म्हणाल तर 15 लाखांपासून बोलणे सुरू करा. नारळी पौर्णिमेनंतर डागडुजी उरकून दिवाळीपर्यंत नौका पाण्यात उतरवा, कारण मे अखेरपर्यंत ती गेली नाही तर आणखी एका पावसाळ्याची राखण आपल्या अंगावर येते. खरेदीदार निश्चित झाला की इसार घ्या, पावतीत "सर्वेक्षण व सागरी चाचणी समाधानकारक असल्यास" ही अट लिहा आणि सर्वेक्षणाचा खर्च त्याचा, हेही आधीच ठरवा. नौकेवरच्या प्रत्येक वस्तूची यादी करारनाम्याला जोडा. छोटी होडी आणि दुसरा नांगर यांवरून भांडणे होतात.

सर्वेक्षण आणि चाचणीच्या दोन दिवसांसाठी मात्र आपण स्वतः या. नागपूरहून रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी मुंबई गाठाल. चाचणी दुपारी ठेवा, कारण सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो आणि दुपारी समुद्रावरचा खारा वारा भरला की नौका खरी कशी चालते ते दिसते. शीड तांडेल चढवतील. सुकाणूवर पहिला अर्धा तास आपण बसा आणि मग ते खरेदीदाराच्या हाती द्या.