आईचं मत, माझं बोट

सांजवेळ (प्रश्न)

माझं वय ५२, आईचं ७८. काचबिंदूने तिची दृष्टी गेली त्याला सहा वर्षं झाली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला मी तिला घेऊन गेलो. सोबती म्हणून केंद्राध्यक्षांनी माझ्याकडून घोषणापत्रावर सही घेतली आणि आम्ही दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. आईने कानात चिन्ह सांगितलं. ज्याला मी जन्मात मत दिलं नसतं, त्याचं. मी तेच बटण दाबलं. पण दाबण्याआधी माझं बोट दोन-तीन सेकंद थांबलं होतं, आणि माझं मनगट आईच्या हातात होतं.

रात्री तिने विचारलं, "मी सांगितलं तिथेच दाबलंस ना रे?" हो म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

खरं बोलूनही मला झोप आली नाही. रोज सकाळी मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. त्या दिवसानंतर मी माझ्या वाचण्याकडे लक्ष देऊ लागलो. तिच्या पसंतीच्या माणसाने काही काम केल्याची बातमी आली की "यात विशेष नाही" म्हणून पान उलटतो. त्याच्यावर टीका असली की शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, तेही ठासून. बटणापाशी मी दोन मिनिटं प्रामाणिक राहिलो. रोजच्या अर्ध्या तासाचं काय?

तिचं मत बदलावं असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठी तिच्याशी वाद घालण्यात मला गैर वाटत नाही. पण समजावणं कुठे संपतं आणि गाळणं कुठे सुरू होतं? तुमच्यापैकी कुणी दुसऱ्यासाठी बटण दाबलं आहे का?

जुना केंद्राध्यक्ष

मी अनेक निवडणुकांत केंद्रावर काम केलं आहे. तुम्ही सही केलेलं घोषणापत्र निवडणूक नियमांतल्या नियम ४९-एन खालचं. सोबती किमान १८ वर्षांचा हवा, त्याने मत गुप्त ठेवायचं आणि एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती व्हायचं. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. नाहीतर एखादा "मदतनीस" आख्ख्या वस्तीची मतं स्वतःच्या बोटाने देऊन मोकळा झाला असता.

एक सुचवतो. मतदान यंत्रावर बटणांच्या शेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, आणि ब्रेलमधली उमेदवारांची यादीही केंद्रावर मागता येते. ब्रेल येत नसेल तरी एका यंत्रावर १६ बटणं एकाखाली एक असतात. उमेदवाराचा क्रमांक माहीत असला तर वरून मोजत जाता येतं. तुम्ही शेजारी उभे राहा, बोट आईचं असू द्या. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रातली चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती तुम्ही वाचून त्यांना सांगा.

उंबरठा

माझी दृष्टी उत्तम आहे. तरी लग्नानंतर पहिली तीन मतदानं मी घरातून सांगितलेल्या चिन्हाला केली. कुणी दमदाटी केली नाही. जेवताना एकच बाजू बोलली जायची, दुसरी मला माहीतच नव्हती. म्हणून सांगते, तुमचं बोट थांबलं याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. वर्तमानपत्राचं मात्र घ्या. आणि हे आईंना सांगा. मंचावर कबूल करून त्यांना काय उपयोग?

स्पर्श

मी जन्मांध आहे. बातम्या आता मोबाइल वाचून दाखवतो आणि तो माझ्यासाठी काही गाळत नाही. पण लहानपणी वडील वाचायचे. कुठल्या बातमीला त्यांचा आवाज घाईत येतो हे मला कळायचं. तुमच्या आईंनाही कळत असणार.

उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात : गुन्हे, मालमत्ता, शिक्षण. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ही माहिती आपल्याला मिळू लागली. ती वाचून दाखवा, तुमच्या उमेदवाराचीही. तुम्हाला अवघड वाटणारं पान मुद्दाम सावकाश वाचा.

सांजवेळ

उंबरठाताई, तुमचं उत्तर वाचून त्याच संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. नको असलेलं पान तू जोरात उलटतोस." मग का नाही बोललीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, "वाचायला दुसरं कोण आहे मला?" हे ऐकून बराच वेळ मी काही बोलू शकलो नाही.

आता पद्धत बदलली आहे. आधी सगळे मथळे वाचतो, कुठली बातमी पूर्ण ऐकायची ते ती ठरवते. काल तिने नेमकी मी टाळली असती तीच निवडली. वाचून झाल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, धरणाच्या पाण्यावरून. तिचे दोन मुद्दे मला खोडता आले नाहीत. माझा एक तिलाही नाही.

केंद्राध्यक्ष साहेब, जाड पुठ्ठ्यावर १६ बटणं शिवून घेतली आहेत. मी कुठलाही आकडा सांगतो, ती वरून बोट फिरवत मोजते. सातव्याला तिचं बोट दोनदा आठव्यावर गेलं. तिसऱ्यांदा बरोबर थांबलं.